शिंप्याने बेतलेलं घर

दरवाजा दीड फुटाचा आहे, हे सगळ्यात आधी आत्याच्या लक्षात आलं. आत्याचं वजन हा घरात कोणी उघड न बोलण्याचा विषय. त्यामुळे फोनवरच्या घरच्या ग्रुपमध्ये नव्या घराचा प्लॅन येऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच तिने लिहिलं, "मला घरात घ्यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं. त्यासाठी एवढा बारीक दरवाजा कशाला काढलात?"

"आत्या, आडवं व्हायचं आणि पत्रासारखं आत सरकायचं," मामाने लिहिलं. "पोस्टाची पेटी आहे ती."

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. वहिनीने विचारलं, हा हॉल आहे की बोळ? साडेपाच फूट रुंद आणि वीस फूट लांब. सोफा ठेवला तर बसणाऱ्याचे गुडघे समोरच्या भिंतीला टेकणार. हॉलच्या भिंतीला चिकटून एक निमुळता चौकोन काढला होता, दीड फूट बाय सहा. तो काय असावा यावर अर्धा तास गेला. कोणी म्हणालं बाक, कोणी म्हणालं चपलांचं कपाट. आत्या म्हणाली, दरवाजात अडकलेल्या माणसांसाठी विश्रांतीची सोय असेल. एकच मोठी झोपायची खोली, तिच्या मागे कोठीसारखी एक लहान खोली, एक न्हाणीघर, आणि हॉलच्या मागे एक चिंचोळी जागा, ती भांडी ठेवायची असणार असं सगळ्यांनी ठरवलं. सगळं घर प्लॉटच्या डाव्या कडेला सरकवलेलं आणि उजवीकडचा अर्धा प्लॉट मोकळा.

"तिथे बाग असणार," कोणीतरी लिहिलं.

"भाऊजींनी जन्मात एक झाड लावलं नाही," मामाने उत्तर दिलं. "गिऱ्हाइकाच्या शर्टावरची फुलं सोडली तर फुलाशी त्यांचा संबंध नव्हता."

हे सगळं टाचणीने दातांच्या दवाखान्यात, दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचलं. टाचणी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती बाबांच्या दुकानात जमिनीवर पडलेल्या टाचण्या वेचायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. त्रेचाळीस वर्षांची झाली तरी ते गळून पडलं नव्हतं. दवाखान्यात ती एकोणीस वर्षं होती. पेशंटना वेळ द्यायची, हत्यारं उकळायची, आणि घाबरलेल्या माणसाचा हात डॉक्टरीणबाईंना दिसणार नाही असा धरून ठेवायची.

बाबा चार महिन्यांपूर्वी गेले. शिंपी होते. प्लॅन त्यांचाच. शेवटची दोन वर्षं ते दुकानात बसून गावाबाहेरच्या प्लॉटवर बांधायचं घर काढत होते. काढतोय असं कधी म्हणाले नाहीत, 'बेततोय' म्हणायचे. टाचणी चहा घेऊन आली की कागदावर तळहात ठेवायचे. "ट्रायलच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं," म्हणायचे. ट्रायल काही झाली नाही. दादा परगावहून आला होता त्या दिवसांत त्याला तो खाकी कागद दुकानात सापडला. त्याने फोटो काढला, कागद होता तिथे परत अडकवला आणि फोटो इथल्या एका नकाशेवाल्यांना पाठवला. त्यांनी त्यावरून काळ्या सरळ रेघांचा स्वच्छ प्लॅन करून दिला. दादाने तो ग्रुपवर टाकला. दादाची बदली इकडे होणार होती. बायको आणि दोन मुलं घेऊन तो कायमचा येणार होता, आणि घर आता सगळ्यांचं म्हणून सगळ्यांचं मत हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनीही तिच्या खांद्यावरून पाहिलं. त्यांनी आधी दरवाजा पाहिला. "सुळा आणि दाढ यांच्यात एवढी फट असली तरी मी भरून टाकते." मग चष्मा वर करून म्हणाल्या, "पण झोपायची खोली एकच? त्यात राहणार कोण?"

"दादा-वहिनी," टाचणी म्हणाली. "मुलं मागच्या खोलीत."

"आणि तू?"

"पुढचा पेशंट पाठवू?" टाचणी म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने तो प्लॅन मोठा करून बोटाने सरकवत पाहिला. घर म्हणजे दुकानाच्या मागच्या भाड्याच्या दोन खोल्या. एकीत बाबा झोपायचे, दुसरीत स्वयंपाक व्हायचा आणि तो आवरला की ओट्याच्या भिंतीला लागून टाचणीचं अंथरूण पडायचं. आई गेली तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. लग्नाचं बोलणं एकदा झालं, दुसऱ्यांदा अर्धं झालं, मग बोलणारे थकले. बाबांना साखर, बाबांना मोतीबिंदू, बाबांना दम. चौदा वर्षं कुठे गेली ते विचारलं असतं तर तिला औषधांच्या वेळांवरून सांगता आलं असतं. यातलं काही तिला जड गेलं नव्हतं. प्लॅनमध्ये स्वतःची जागा शोधताना मात्र बोट भिंतीभिंतीने फिरून पुन्हा दरवाजाशी आलं. दोन वर्षं हा माणूस आपल्या डोळ्यांसमोर बसून बेतत होता, आणि त्या कापडात आपण बसलोच नाही.

तिने मत दिलं नाही. दादाने शुक्रवारी फोन केला.

"टाचणी, सगळ्यांचं आलं, तुझंच नाही."

"छान आहे."

"छान काय आहे त्यात? अगं, एकदा सगळ्यांनी बघावा म्हणून टाकला होता. असं घर कोणी बांधेल का? तुझ्यासमोर बोलवत नाही, पण शेवटी शेवटी बाबांचं डोकं चालत नव्हतं. आपण मान्य केलं पाहिजे. नकाशेवाले म्हणाले, कागदावर चौथी भिंतच नव्हती."

"कसली चौथी भिंत?"

"घराची. डावी होती, पुढची होती, मागची होती. उजव्या अंगाला भिंत काढायचीच विसरले. नुसती उघडी बाजू. बिचाऱ्यांनी अंदाजाने ओढून बंद केली."

"म्हणून मी त्यांना नवीनच करायला सांगितलंय," दादा म्हणाला. "तीन बेडरूम. आम्हाला एक, मुलांना एकेक. मुलं मोठी झाली गं, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि खाली पाहुण्यांची खोली आहे, ती तुझी. पाहुणे आले की तेवढ्यापुरतं इकडेतिकडे करायचं. तू काय, कुठेही मावतेस."

हे तो प्रेमाने म्हणाला, यात शंका नव्हती. दादाच्या पोटात एक आणि ओठात एक असं कधीच नसायचं, त्याच्या पोटातलं तसंच्या तसं ओठात यायचं.

"पुढच्या शनिवारी नकाशेवाल्यांकडे सही करायला जा. प्लॉट दोघांच्या नावावर आहे, दोघांच्या सह्या लागतील. माझी मी तिकडून पाठवतो."

"बरं," टाचणी म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती भांडी घासायला उभी राहिली. एकाच माणसाची भांडी, दोन मिनिटांचं काम. ती तीच वाटी पुन्हा पुन्हा घासत राहिली. डोकं चालत नव्हतं म्हणे. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याच माणसाने शेजारच्या मास्तरांच्या पँटला टीप घातली होती आणि ती पट्टीने रेघ मारल्यासारखी सरळ होती. बाबांनी आयुष्यात कुठला काठ उघडा सोडला नाही. पायपुसण्याचीसुद्धा कड दुमडायचे. घराची एक अख्खी बाजू उघडी सोडून ते उठतील, हे तिच्या मनाला पटेना. दुसरीकडे वाटे, आपल्याला पटत नाही ते एवढ्यासाठीच, की पटवून घेतलं तर मग रागवायलाही कोणी उरत नाही.

रविवारी दुपारी तिने मधलं दार उघडलं.

घर आणि दुकान यांच्या मधलं हे दार तिने चार महिन्यांत उघडलं नव्हतं. त्याला टेकवून इस्त्रीचं टेबल उभं केलं होतं, म्हणजे येता-जाता दाराकडे बघायचं कारण नको. टेबल सरकवलं, कडी काढली. आत खडू, मशीनचं तेल आणि गरम इस्त्रीखालच्या कापडाचा वास तसाच होता, फक्त थंड झालेला. मशीनवर आच्छादन होतं. दादाने घातलेलं असणार, कारण उलट्या बाजूने घातलं होतं. सुईखाली कोणाचीतरी बाही अर्धी राहिली होती.

समोरच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला भोक पाडून अडकवलेले खाकी कागद. प्रत्येक गिऱ्हाइकाचा साचा. वर बाबांच्या बारीक अक्षरात खूण. 'बेकरीवाले, पोट दर वर्षी बघणे.' 'वकील, उजवा खांदा खाली, बोलून दाखवू नये.' 'मास्तर.' गेलेल्या माणसांचेही साचे तिथेच होते. माणूस गेला तरी माप फेकायचं नाही, असा त्यांचा नेम. टाचणी लहान असताना तिने एकदा विचारलं होतं, आता हे कोण घालणार? बाबा म्हणाले होते, घालायला कशाला हवं, माप म्हणजे माप.

घराचा कागद शेवटच्या खिळ्यावर होता. तिने तो उतरवला आणि कापायच्या टेबलावर पसरला. पिवळ्या बल्बच्या उजेडात, वाकून.

फोटोत जे दिसत नव्हतं ते तिला आधी बोटाला लागलं. उजवी कड. बाकी तीन बाजूंना रेघेच्या बाहेर इंचभर अंतरावर तुटक रेघ होती, म्हणजे शिलाईसाठी सोडायची माया. घराच्या प्लॅनला माया कशाला, पण सवय ती सवय. उजव्या बाजूला मात्र तसं काही नव्हतं. तिथे कागदच कात्रीने सरळ कापलेला होता, एका दमात, मध्ये कुठे न थांबता. आणि त्या कडेला वर एक आणि खाली एक अशा दोन बारीक चिरा दिलेल्या होत्या, नखाएवढ्या.

ती स्टुलावर बसली.

शर्टाची पाठ कुठलाही शिंपी अख्खी काढत नाही. अर्धीच काढतो. कापड दुमडायचं, घडीवर कागदाची सरळ कड ठेवायची आणि बाकीच्या बाजूंनी कापायचं. उलगडलं की पाठ पूर्ण. डावा खांदा जसा, तसाच उजवा. घडीवर येणारी कड कुठली हे चुकू नये म्हणून बाबा तिच्या दोन टोकांना दोन चिरा द्यायचे. तिथे शिलाई येत नाही, माया सोडायची नसते. तिथे कापड संपतच नाही. सातव्या वर्षापासून टाचणी या टेबलाशी उभी राहून बाबांसाठी कापडाची घडी घालत आली होती. दादा तेव्हा खिडकीत बसून अभ्यास करायचा आणि सतराव्या वर्षी शिकायला बाहेर पडला. त्याला काय कळणार, आणि नकाशेवाल्यांना तरी काय कळणार. भिंत नाही म्हटल्यावर कोणीही भला माणूस ओढून देईल.

"बाबा," ती म्हणाली. आवाज दुकानात फारच मोठा वाटला, म्हणून ती उठून कामाला लागली.

फळीखालच्या गुंडाळीतून तिने नवा खाकी कागद ओढला, दुमडला, घडीवर ती कड बसवली. चार टाचण्या लावल्या. खणातून दातेरी चाक काढलं. हे चाक रेघेवरून दाबत फिरवलं की खालच्या दोन्ही पदरांवर टिंबांची रांग उमटते. बाहेरच्या भिंती, मग खोल्या, मग खिडक्या, दारं. घाई केली नाही. मग टाचण्या काढल्या आणि कागद उलगडला.

दरवाजा तीन फुटांचा झाला. हॉल अकरा फुटांचा. मागे मधोमध एक ऐसपैस स्वयंपाकघर, ज्याची आतापर्यंत सगळ्यांनी 'भांडी ठेवायची जागा' म्हणून संभावना केली होती. हॉलच्या डावीकडे एक मोठी खोली, तिच्या मागे एक लहान, शेजारी न्हाणीघर. उजवीकडे तसंच. इंच न् इंच तसंच. मोकळ्या अर्ध्या प्लॉटमध्ये बाग नव्हती, घराची उरलेली बाजू होती.

दोन मुलं, दोन बाजू. डावी कोणाची आणि उजवी कोणाची ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, दोन्ही सारख्या होत्या.

हॉलच्या मधला तो निमुळता चौकोनही उलगडून तीन बाय सहाचा झाला होता. तिने गळ्यात टेप अडकवली, जशी बाबा अडकवायचे, आणि ज्या टेबलावर वाकली होती तेच मोजलं. तीन बाय सहा. दुपारी जेवण झालं की बाबा याच टेबलावर हात उशाला घेऊन आडवे व्हायचे. तिने सगळा कागद पुन्हा तपासला. बाबांनी स्वतःसाठी खोली काढलेली नव्हती. दोघांच्या मध्ये टेबल ठेवलं होतं.

बाहेर कोणीतरी शटर वाजवून गेलं. दुकान उघडलं असं वाटलं असेल दिवा पाहून.

उलगडलेल्या कागदाचा फोटो पाठवल्यावर दादाचा फोन लगेच आला. तिने घडीचं समजावून सांगितलं. तो ऐकत होता.

"आपण सगळे हसलो," दादा म्हणाला.

"हो."

"तूही काही बोलली नाहीस."

"मलाही तेव्हा कळलं नव्हतं."

तो खाकरला. दादा रडकुंडीला आला की हिशोबी होतो, हे टाचणीला लहानपणापासून माहीत होतं. "हे बघ, छानच आहे. मी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावणार. पण बांधताना विचार करावा लागेल. बाबांनी सारखं वाटून दिलं, ठीक. माणसं मोजायला नकोत का पण? आम्ही चौघं. आम्हाला दोन खोल्या आणि तुला एकटीला दोन?"

"बाबांना तुझी माणसं माहीत होती. दोन्ही मुलांचे शर्ट त्यांनीच शिवलेत."

"अगं, मी वाईट अर्थाने म्हणत नाही. एकट्या माणसाला एवढी जागा कशाला लागते? सांग ना. तू सांग, तिथे तू काय करणार आहेस?"

टाचणीने दुकानातल्या भिंतीकडे पाहिलं. खरंच सांगता येईना. दोन खोल्यांमध्ये लोक काय करतात, हे तिला दुसऱ्यांच्या घरी बसल्यावर दिसलं होतं तेवढंच.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"मग?"

"माहीत नाही म्हणून सोडून देऊ का?"

पलीकडे वहिनीचा आवाज आला, काय झालं म्हणून. दादाने तिला हातानेच थांबवलं असणार.

"तुझ्या बाजूवर मजला चढव," टाचणी म्हणाली. "जिना तुझ्या बाजूने घे. मुलांना वर एकेक खोली काढ, हव्या तर दोन-दोन काढ. माझ्या बाजूला हात लावायचा नाही."

"तू भांडतेयस माझ्याशी?"

"हो. सवय नाही, म्हणून नीट जमत नसेल."

दादा हसला. पूर्ण नाही, नाकातून हसतात तसं. "जमतंय," म्हणाला. "विचार करून सांगतो."

तिने मोठा कागद टेबलावर तसाच ठेवला आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आधी अर्धंच दिसत होतं. आत्या, दरवाजा तीन फुटांचा आहे.' आत्याने उत्तर द्यायला प्रथमच पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला. 'माझा भाऊ गं,' एवढंच लिहिलं तिने.

पुढचे पाच दिवस दादाचा फोन आला नाही. ती दवाखान्यात जात होती, येत होती. बाबांच्या जाण्यानंतर घरात जी शांतता होती तिच्यात आता आणखी एक मिसळली. कोणी रागावलंय का, याची वाट बघणारी. बुधवारी तिने फोन हातात घेतला, 'राहू दे, पाहुण्यांची खोली चालेल' असं लिहिलं आणि पुसलं. गुरुवारी पुन्हा लिहिलं. ते पाठवायला एक बोट पुरलं असतं, आणि पाठवल्यावर दादा तिला पूर्वीसारखा संध्याकाळी फोन करून मुलांच्या तक्रारी सांगायला लागला असता. तो फोन हा तिच्या दिवसातला एकच आवाज होता, दवाखान्याबाहेरचा. तिने गुरुवारचंही पुसलं, आणि लवकर झोपली.

शनिवारी दुपारी ती नकाशेवाल्यांकडे गेली. झेरॉक्सच्या दुकानावर एक जिना चढून त्यांचं ऑफिस. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर आणि शोधत होते टेबलावर. तिला पाहताच उठून उभे राहिले.

"तुमच्या भावाचा काल फोन होता, ताई. जिना त्यांच्या बाजूने, वर दोन खोल्या. उजव्या बाजूला हात लावायचा नाही म्हणाले. दोनदा म्हणाले." मग कानाची पाळी चोळत, "ती भिंत मी ओढली. माफ करा. पस्तीस वर्षं भिंती ओढतोय, उघडी बाजू दिसली की हात थांबत नाही."

"तुमची काय चूक? आमचंच आम्हाला कळलं नाही."

"अन् बाहेरच्या तुटक रेघेचा एकेक इंच जास्त दिसत होता, तो मी कापून टाकला होता. आता परत घातलाय. असू दे त्यांचा."

"असू दे," टाचणी म्हणाली.

त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. अर्धं घर होतं. एक बटण दाबलं आणि दुसरं अर्धं शेजारी येऊन बसलं. बाबांना याला दोन वर्षं लागली होती, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, नाही, त्यांना अर्ध्यालाच लागली होती. दुसरं त्यांच्याही लेखी फुकटच होतं.

"दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन फूट मोकळं सुटतं. नियमात बसतं. अगदी मोजून काढलंय," नकाशेवाले म्हणाले. "आता सामान दाखवायचं. मंजुरीला लागत नाही, पण घरच्यांना बघायला बरं वाटतं. वहिनींनी त्यांच्या बाजूची यादी दिलीये." डाव्या बाजूला पलंग, कपाटं, वर मुलांची टेबलं, खुर्च्या पटापट पडत गेल्या. ती बाजू बघता बघता भरली, इतकी की त्यांना एक कपाट मागे घ्यावं लागलं. "आणि तुमच्या बाजूला?"

टाचणीने आठवडाभर भांडून ती बाजू मिळवली होती, आणि तिच्यात काय ठेवायचं हे तिने एकदाही ठरवलं नव्हतं.

"पलंग तरी घालू," नकाशेवाले म्हणाले आणि सवयीने मोठा पलंग टाकला, दोन उशांचा. टाकला आणि हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, ही त्यांची सभ्यता. "एकेरी?"

"एकेरी."

दोन उशांचा पलंग गेला. एकेरी शोधायला त्यांना थोडा वेळ लागला. यादीतल्या इतक्या पलंगांत तो फारसा वापरात नसावा. मग तो मोठ्या खोलीच्या बरोबर मध्यभागी येऊन पडला.

"भिंतीला लावतो," ते म्हणाले.

"नको."

"असा मधे?"

"थोडा डावीकडे घ्या. भिंतीपासून जरा लांब ठेवा. दोन्ही बाजूंनी उतरता आलं पाहिजे."

त्यांनी पलंग सरकवला. खाली एक झेरॉक्स यंत्र एकसारखं कागद ओढत होतं. "मागच्या लहान खोलीत?" त्यांनी विचारलं. "कोठी लिहू? अभ्यासिका? नुसती रिकामी मंजूर करत नाहीत, काहीतरी नाव द्यावं लागतं."

"खोली लिहा."

"नुसतं खोली?"

"सध्या मला तेवढंच माहीत आहे."

त्यांनी लिहिलं. ती पडद्याकडे बघत होती. पलंग बोटाच्या नखाएवढा होता, आणि त्याच्या चारही बाजूंना जागा होती.